एअर फ्रायरमध्ये मासे कोरडे का होतात, आणि बुधवारचा बांगडा ४० मिनिटांत ताटात कसा येतो

तुम्ही विचारलंय की ऑफिसातून घरी पोचायला पावणेआठ वाजतात, बुधवारी आणि शुक्रवारी घरात मासे हवेच असतात, म्हणून एअर फ्रायर घेतला, पण सुरमई लाकडासारखी कोरडी होते, रवा वरून पांढराच राहतो आणि बांगडा उचलायला गेलं की मसाला सगळा जाळीला चिकटून बसतो, तर नक्की चुकतंय कुठे. मी ९ वर्षं घरून मासळीचे डबे देते, माहेर वेंगुर्ल्याकडचं, आणि त्यातली शेवटची ५ वर्षं तव्याच्या जोडीला दोन एअर फ्रायर रोज चालू असतात, त्यामुळे तुमच्या तिन्ही तक्रारी मी स्वतः खाल्लेल्या आहेत. तिन्हींत सगळ्यात मोठा हात एकाच गोष्टीचा आहे, पाणी. मशिन नाही, तापमान नाही, ब्रँड तर नाहीच.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू, कारण नावात फ्रायर आहे म्हणून सगळे त्याच्याकडून तळणीची अपेक्षा ठेवतात. वरती एक कॉईल, तिच्यावर पंखा, आणि गरम हवा बास्केटच्या बाजूनं खाली जाऊन जाळीतून परत वर येते, बस. म्हणजे हा छोटा, जोरात वारा सोडणारा ओव्हन आहे. तव्यावर काय होतं, माशाच्या अंगाखाली तेल असतं, ते तेल उष्णता थेट पोचवतं, रव्याच्या प्रत्येक कणाला भिजवतं, आणि माशाचं सुटलेलं पाणी चर्र आवाज करत वाफ होऊन उडून जातं. इथे तेल नाही, नुसती हवा आहे. मासा ओला असेल तर ही हवा पहिली पाच-सात मिनिटं फक्त ते वरचं पाणी वाळवण्यात घालवते, पाणी असेपर्यंत वरचा थर शंभराच्या पुढे जात नाही आणि रंग यायला तर १४० च्या आसपास जावं लागतं. तोपर्यंत आतला मासा शिजून गेलेला असतो. मग आपण रंग आला नाही म्हणून अजून पाच मिनिटं देतो आणि त्या पाच मिनिटांत सुरमईचं लाकूड होतं. तुमचं हेच होतंय, मला खात्री आहे.

मासा शिजायला फार कमी उष्णता लागते हो. मटणासारखे त्यात चिवट तंतू नसतात, मधला भाग ६० ते ६३ डिग्रीला पोचला की मासा झाला, त्याच्या पुढे त्याचं प्रथिन आवळत जातं आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलात तर उत्तम, नसेल तर काट्याच्या टोकानं सगळ्यात जाड जागी हलकेच उघडून बघा, मांस पारदर्शक असेल तर नाही झालं, दुधासारखं पांढरं होऊन पाकळ्या सुटायला लागल्या आणि मधल्या काट्यापासून सहज वेगळं झालं की लगेच बाहेर. लगेच म्हणजे लगेच, बास्केट बाहेर काढून तशीच ठेवली तरी गरम जाळीवर मासा अजून दोन मिनिटं शिजतच असतो.

आता पाणी काढायचं कसं. मासे धुतले की आपण सगळेच मीठ-हळद लावतो, ते बरोबरच आहे, पण त्यानंतरची पायरी आपल्याकडे तव्यामुळे कधी लागलीच नाही म्हणून कोणी शिकवली नाही. मीठ-हळद लावून १०-१५ मिनिटं ताट थोडं तिरकं ठेवा, मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, ते ताटाच्या कडेला जमलेलं दिसेल, ते ओतून टाका आणि मग प्रत्येक तुकडी कोरड्या सुती फडक्यानं किंवा टिश्यूनं दोन्ही बाजूंनी टिपून घ्या, दाबून, पोटाच्या आतून, डोक्याच्या खाचेतून सुद्धा. ते फडकं मी वेगळंच ठेवलंय, वापरलं की लगेच गरम पाण्यात साबण घालून. मासा हाताला कोरडा, किंचित चिकट लागला पाहिजे. या एका गोष्टीनं तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

मग मसाला. दही, पातळ वाटण, भरपूर लिंबू, असं काही नको. मसाला घट्ट लागतो, लेप लावल्यासारखा. मी दोन मध्यम बांगड्यांना किंवा चार तुकड्यांना दोन चहाचे चमचे मालवणी मसाला (तुमच्याकडे आगरी-कोळी मसाला असेल तर तो, चव वेगळी येईल पण काम तेच), एक चमचा आलं-लसूण अगदी बारीक वाटलेलं, एक मोठा चमचा कोकमाचं आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि दोन चमचे तेल घेते. तेल मसाल्यात घालायचं, नंतर वरून शिंपडायचं नाही, कारण तिखटाचा रंग आणि वास तेलात उतरतो आणि तेलात भिजलेलं तिखट सुक्या तिखटासारखं झटकन जळत नाही. आगळात मीठ असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर खारट होईल. आणि आंबट लावून तासनतास ठेवू नका, लिंबात मासा तासभर पडला की वरचा थर खडूसारखा होतो, पंधरा मिनिटं भरपूर झाली.

लसणाचं एक सांगायचं राहिलं. कॉईल वरती असल्यामुळे वरच्या अंगाला राहिलेले लसणाचे जाड कण सगळ्यात आधी काळे पडतात आणि कडू लागतात. म्हणून वाटण बारीक हवं, आणि बांगड्याला चिरा दिल्यात की लसणाचा भाग चिरांच्या आत बोटानं भरायचा, वरती फक्त मसाल्याचा लेप.

रवा पांढरा का राहतो हेही आता तुम्हाला कळलं असेल, त्याला तेल मिळतच नाही. वरून ब्रशनं तेल लावलं तर थोडे कण लाल आणि थोडे कच्चे, खाताना दाताखाली वाळू आल्यासारखं. मी काय करते, तांदळाचं पीठ चार मोठे चमचे, बारीक रवा दोन चमचे, चिमूट मीठ, अर्धा चमचा तिखट, आणि त्यात दोन ते अडीच चहाचे चमचे तेल घालून बोटांनी चोळते, शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो ना अगदी तसं, मुठीत दाबलं तर किंचित गोळा झाला पाहिजे आणि परत मोकळा झाला पाहिजे. हे मिश्रण डब्यात भरून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बुधवारचं उरलं की शुक्रवारी. मसाला लावलेली तुकडी त्यात घोळवायची, हलकं दाबायचं, जास्तीचं झटकायचं. पूर्ण तुकडीभर तळणीसारखा सोनेरी रंग येतो आणि सगळ्या माशांना मिळून तेल लागतं चार-पाच चमचे. जाड रवा घेऊ नका, इथे तो शेवटपर्यंत कडकच राहतो. आणि भज्यासारखं पातळ पीठ तर अजिबात नको, ते जाळीतून खाली गळून जातं.

तेलाच्या फवाऱ्याचे जे तयार डबे मिळतात ते बास्केटवर वापरू नका, त्यातल्या बऱ्याच डब्यांत लेसिथिन (तेल एकजीव ठेवणारा पदार्थ) असतं, त्याचा चिकट पिवळट थर बसतो आणि तो घासता घासता नॉनस्टिक कोटिंग जातं. साधा सिलिकॉन ब्रश आणि शेंगदाण्याचं तेल. घाण्याचं खोबरेल आवडत असेल, मलाही आवडतं, तर मशिन १७० च्या वर नेऊ नका, त्याच्या पुढे ते धुरायला लागतं.

आता वेळ. इंटरनेटवर तुम्हाला "मासे, २०० डिग्री, १५ मिनिटं" असं सरसकट लिहिलेलं सापडेल, ते फारसं उपयोगाचं नाही, कारण वेळ वजनावर नसते, जाडीवर असते. कॅनडाच्या मत्स्य विभागानं एक जुना नियम लोकांपर्यंत पोचवला होता, सगळ्यात जाड जागी एक इंच मासा असेल तर १० मिनिटं, त्या हिशोबानं पुढे. तो गरम ओव्हनसाठी आहे पण एअर फ्रायरला २०० डिग्रीवर छान लागू पडतो. आपली कोळीण मावशी सुरमईची तुकडी बोटभर जाडीची करते, म्हणजे पाऊण इंच धरा, म्हणजे ७-८ मिनिटं, संपलं. तुम्ही १५ मिनिटं देत होतात. पुढच्या वेळी मावशींना सांगा की तुकडी थोडी जाड करा, इंचभर, तव्यासाठी पातळ तुकडी चांगली पण इथे जाड तुकडी जास्त रसाळ राहते आणि रंग यायला वेळ मिळतो.

माझे रोजचे आकडे सांगते, ४ लिटरच्या, १५०० वॉटच्या मशिनवरचे, ३-४ मिनिटं रिकामं गरम करून घेतलेल्या. पाव किलोच्या आतला अख्खा बांगडा २०० वर १२ मिनिटं, सातव्या मिनिटाला उलटायचा. सुरमई, रावस, हलव्याची इंचभर तुकडी २०० वर ९ ते १० मिनिटं, एकदा उलटून. अख्खं पापलेट, अडीचशे ग्रॅमचं, १९० वर ११-१२ मिनिटं. मांदेली २०० वर ८ मिनिटं, मधे एकदा बास्केट हलवून. सोललेली मध्यम कोळंबी २०० वर ५ मिनिटं, सहावं मिनिट दिलं की रबर. लेपा साल काढून ६-७ मिनिटं. तुमच्या मशिनला एखाद-दोन मिनिटं इकडे तिकडे होतील, पहिल्या वेळी दोन मिनिटं आधीच उघडून बघा, मधे उघडल्यानं काही बिघडत नाही.

चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा थंड जाळी. गार जाळीवर ओला मसाला ठेवला की तो जाळीच्या भोकांत उतरतो आणि तिथेच वाळतो. जाळी गरम हवी, तिला तेलाचा हात लावलेला हवा, आणि मासा ठेवला की निम्म्याहून जास्त वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही, खालचा थर धरला की तो आपोआप सुटतो, तव्यावर पण असंच होतं ना, घाई केली की कातडं तव्यावर राहतं. उचलायला चिमटा नको, पातळ उलथनं. अगदीच भीती वाटत असेल तर भोकं असलेला बेकिंग पेपर घाला, पण मासा ठेवण्याच्या क्षणीच, रिकाम्या मशिनमध्ये पेपर ठेवून गरम करायला लावलं तर पंखा तो उडवून कॉईलला चिकटवतो आणि पेटतो. माझ्या एका गिऱ्हाईक ताईंकडे हे झालंय, सुदैवानं त्या तिथेच उभ्या होत्या. भोकं नसलेले सिलिकॉनचे वाडगे मिळतात ते माशाला वापरू नका, खालून हवा येत नाही, मासा स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

बास्केट गच्च भरायची नाही हे सगळे सांगतात, पण आपल्याकडे घरात पाच माणसं असतात आणि ४ लिटरमध्ये दोन बांगडे किंवा चार तुकड्या एवढंच नीट मावतं. मग मी दोन घाणे करते, पहिला घाणा दोन मिनिटं कमी शिजवून बाहेर काढते, दुसरा पूर्ण करते, आणि शेवटी पहिल्याला परत दोन मिनिटं २०० वर. सगळं एकदम गरम ताटात जातं. एकावर एक ठेवायची जाळी मिळते ती मांदेलीला ठीक आहे, पण वरचा मासा कॉईलच्या फार जवळ जातो, शेपटी जळते.

आता तुमचा बुधवार. सकाळी निघताना फ्रीझरमधले मासे खाली फ्रिजमध्ये ठेवायचे, एवढंच काम सकाळी. विसरलात तर संध्याकाळी पिशवीचं तोंड घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवून ठेवा, तुकड्या २५-३० मिनिटांत सुटतात. गरम पाण्यात घालू नका, बाहेरून शिजल्यासारखं होतं आणि आत बर्फ राहतो. पावणेआठला घरात आलात की आधी बांगडे धुवून, दोन्ही अंगाला तीन-तीन चिरा काट्यापर्यंत खोल देऊन, मीठ-हळद. मग हातपाय धुवा, तांदूळ धुवून कुकर लावा, चहा घ्यायचा तर घ्या. आठ वाजले की पाणी ओतून बांगडे टिपायचे, मसाला लावायचा, चिरांत भरायचा, बांगड्याला मी रवा लावत नाही, त्याची स्वतःची चरबी त्याला पुरते, अंगभर पीठ फासलं की ती चव झाकली जाते. आठ-दहाला मशिन गरम करायला लावा. बांगड्याची चरबी खालच्या ड्रॉवरमध्ये गळते आणि तिचा धूर होतो, घरभर जो वास पसरतो तो निम्मा त्याचाच, म्हणून जाळीच्या खाली ड्रॉवरमध्ये चार चमचे पाणी घालून ठेवा, धूर होत नाही. सव्वाआठला मासे आत. त्या १२ मिनिटांत सोलकढी होते, नारळाचं दूध काढायला वेळ नसेल तर पाकिटातलं घ्या, त्यात दोन मोठे चमचे आगळ, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर, आणि गरम करायची नाही, फुटते. कांदा चिरा, लिंबू कापा. साडेआठच्या आत ताटं वाढलेली असतात. वीज लागते अर्ध्या युनिटच्याही आत.

विजेवरून आठवलं, मशिन १५०० वॉटचं असेल तर ते मोबाईल चार्जरच्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, साडेसहा अँपिअर ओढतं ते, जुन्या इमारतींत सॉकेट तापून काळं पडलेलं मी बघितलंय. मिक्सरच्या एक्स्टेंशनवर तर नाहीच. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो.

शुक्रवारी सुरमई करा, मोहन चोळलेल्या पिठात घोळवून, वर सांगितल्याप्रमाणे. किंवा कधी पापलेट मिळालं तर हिरव्या वाटणाचं, ओला नारळ, कोथिंबीर, मिरची, लसूण, लिंबू घट्ट वाटून पोटात आणि अंगावर भरायचं, केळीचं पान गॅसवर फिरवून मऊ करून त्यात गुंडाळायचं आणि १८० वर १५ मिनिटं, पारशी लोकांच्या पात्रा नी मच्छीच्या वाटेनं जाणारं आहे हे, आणि यात मासा कोरडा होणं जवळजवळ अशक्य कारण तो पानाच्या आत वाफेवर शिजतो. पानाच्या मोकळ्या कडा खाली दाबून ठेवा, नाहीतर त्या उडून कॉईलला लागतात. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालं, आणि म्हणून माझी मनापासून विनंती आहे, तळहातापेक्षा लहान पापलेट विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी, त्यानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. आपण घेणं थांबवलं तर विकणारे आणणं थांबवतील.

बोंबील सगळे विचारतात. ओल्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या रात्री धुवून थेट आत घातलात तर खाली पाण्याचं तळं होणार. पण त्यावर उपाय आहे, आदल्या रात्री चिरून, मधला काटा काढून, मीठ लावून दोन सुती फडक्यांच्या मधे पसरून, वरती ताट आणि ताटावर पाण्याचा डबा ठेवून फ्रिजमध्ये ठेवायचे, सासूबाई पाट्याखाली दाबायच्या तेच, फक्त फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी मसाला, मोहनाचं पीठ जरा जास्त, २०० वर १२ मिनिटं. चांगले होतात, पण तव्यावरच्या बोंबलाची बाहेर काच आणि आत लोणी अशी जी गंमत असते ती येत नाही. बोंबील तव्यावरच करा, रविवारी, सावकाश.

तसंच कालवण, तिकलं (मालवणी रस्सा), तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे, हे सगळं गॅसवरच. गाबोळी (माशाची अंडी) थेट आत घातली की फुटून उडते, आधी हळद-मिठात उकडून, काप करून मगच ६ मिनिटं. उलट सुके बोंबील भाजायला हे यंत्र फार छान, १६० वर ४-५ मिनिटं, आणि घरात धूर नाही. सुकट मात्र हलकी असते, पंख्यानं उडते, तिच्यावर जाळी उलटी ठेवून भाजा.

मासे आणताना एक गोष्ट नीट पाळा, ही मी कुठल्याही रेसिपीच्या आधी सांगते. बांगडा, सुरमई, कुपा (टूना) या माशांत एक घटक असतो, मासा उबेला राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि हे हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून कशानंही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज, डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो मला माशाची ॲलर्जी झाली. ॲलर्जी नसते ती बरेचदा, मासा तासन्‌तास विना बर्फाचा फिरलेला असतो. त्यामुळे संध्याकाळी स्टेशनबाहेर पाटीतला बांगडा घेताना कल्ले उचलून बघा, लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये, आणि पाटीत बर्फ हवा. तिथून घरापर्यंत अर्धा तास लोकलनं जायचं असेल तर बॅगेत एक छोटी बर्फाची पिशवी घेऊन निघा. मी स्वतः रविवारी सकाळी लवकर बाजारात जाऊन आठवड्याचं एकदम आणते, तिथेच साफ करून घेते, घरी धुवून, टिपून, एका वेळेला लागेल तेवढेच तुकडे एका पिशवीत सपाट पसरून, हवा काढून, फ्रीझरमध्ये. सपाट पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. पिशवीवर तारीख. घरच्या फ्रीझरमध्ये बांगडा महिनाभराच्या आत संपवा, त्याची चरबी लवकर खवट होते, सुरमई-पापलेट दोन महिने चांगले राहतात. मसाला लावून गोठवू नका, मीठ आणि आंबट आपलं काम चालू ठेवतं आणि सुटताना भरपूर पाणी येतं.

१ जून ते ३१ जुलै मोठ्या यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत बाजारात येतं त्यातलं बरंचसं गोठवलेलं असतं, मग तर टिपण्याचं काम दुप्पट करा. गोठवलेला मासा तुकडी कोरडी दिसली तरी आत पाणी धरून असतो, मी अशा वेळी बिनमसाल्याची तुकडी आधी १६० वर ३ मिनिटं ठेवते, सुटलेलं पाणी टिपून घेते, मग मसाला आणि पीठ लावून २०० वर ६ मिनिटं.

तुमची बहीण अमेरिकेत आहे आणि तिला तिकडे फक्त सामन मिळतो असं लिहिलंय तुम्ही. सामनला मालवणी मसाला फार शोभतो, चरबीचा मासा आहे, बांगड्यासारखंच वागवा. कातडं खाली, १९० वर ८ मिनिटं, उलटायचा नाही. वरती पांढरं दह्यासारखं काही आलं तर घाबरू नका, ते माशाचं प्रथिन आहे, जास्त आलं म्हणजे एखादं मिनिट जास्त झालं इतकंच. तिला सांगा टिलापिया किंवा बासा असेल तर पिठात घोळवूनच कर, नुसता मसाला लावला तर त्या माशांना स्वतःची चव कमी असते.

वासाचं. मासे काढले की मशिन बंद करून बास्केट गरम असतानाच त्यात गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जेवण होईपर्यंत तसंच. जेवून उठलात की मऊ स्पंजनं पाच मिनिटांत निघतं, तारेची घासणी नको. बास्केट परत लावून लिंबाची उरलेली सालं आत ठेवून १५० वर ३ मिनिटं. आणि महिन्यातून एकदा मशिन पूर्ण थंड करून, प्लग काढून, उलटं करून कॉईलवर ओला कपडा फिरवा, तिथे तेलाचे शिंतोडे साठलेले असतात आणि मासे न करताही केक करताना बांगड्याचा वास येतो त्याचं कारण ते.

मुलगा काट्यांना घाबरतो म्हणालात तर त्याच्यासाठी सुरमईची पोटाकडची नको, शेपटीकडचीही नको, मधली तुकडी घ्या, मधोमध एकच मोठा काटा असतो, शिजल्यावर तो तुम्ही ताटातच काढून दिलात की त्याला मोकळं खाता येतं. करली, पेडवे त्याला एवढ्यात देऊ नका.

आणि बांगडे दोन जास्तच करा. उरलेला बांगडा दुसऱ्या दिवशी परत गरम केला की कोरडाच होणार, त्यापेक्षा रात्रीच काटे काढून मांस सोडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, हिरवी मिरची, थोडं आगळ आणि एक चमचा कच्चं खोबरेल घालून हातानं कालवा, सुक्या बांगड्याची किसमूर करतात त्याच धर्तीवर, भाकरीबरोबर डब्यात न्या.